‘गुड बर्गर’ मुलांबरोबर बघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी, दोघं शनिवारी रात्री ‘गुड बर्गर’ हा जुना अमेरिकन सिनेमा बघून गडाबडा लोळत हसली. तुम्ही शेजारीच बसला होतात, पण तुम्हाला एकदाही हसू आलं नाही. मग तुम्ही विचारलंत, “इतका बिनडोक सिनेमा मुलांना का आवडतो? आणि मलाही त्यात मजा यावी म्हणून मी काय करू?”

दुसरा प्रश्न मला फार आवडला. बहुतेक पालक पहिल्यावरच थांबतात.

मी गेली सव्वीस वर्षं बालनाट्यं बसवते आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून राज्य नाट्यस्पर्धेपर्यंत सगळीकडे मुलांबरोबर काम केलं आहे, आणि त्यातला मोठा वाटा विनोदी नाटकांचा. हा सिनेमा मी सात-आठ वेळा पाहिला असेल. माझ्या उन्हाळी शिबिरात त्याचे तुकडे थांबवून थांबवून दाखवते. तेव्हा आधी माझं मत सांगते. ‘गुड बर्गर’ हा मूर्ख सिनेमा नाही, तो एका भाबड्या माणसाचा सिनेमा आहे आणि फार हुशारीने केलेला आहे. या दोहोंत काय फरक आहे ते एकदा लक्षात आलं की हसू आपोआप येतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. डेक्स्टर नावाचा शाळकरी मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आईची गाडी घेऊन बाहेर पडतो आणि आपल्याच शिक्षकांच्या गाडीला ठोकतो. नुकसान भरून द्यायला पैसे हवेत म्हणून तो ‘गुड बर्गर’ या छोट्या जुनाट दुकानात नोकरी धरतो. तिथे काउंटरवर एड असतो. एड मनाने निर्मळ, कामावर जिवापाड प्रेम करणारा, आणि ऐकलेला प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरणारा. त्याच सुमाराला समोर ‘मोंडो बर्गर’ नावाचं अवाढव्य, चकाचक दुकान उघडतं. त्याचा प्रमुख कर्ट उर्मट आणि कपटी. आता छोटं दुकान बुडणार, तेवढ्यात एडने घरी बनवलेला एक सॉस लोकांना आवडतो आणि दुकानाबाहेर रांगा लागतात. पुढचा सगळा गोंधळ त्या सॉसवरून.

आता एडकडे बघू, कारण सगळा सिनेमा त्याच्यावर उभा आहे.

एक जागा घ्या. कर्ट या दोघांना धमकी देतो. इंग्रजीत ‘जपून राहा’ म्हणायला जो रांगडा वाक्प्रचार आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘आपल्या ढुंगणावर लक्ष ठेवा’ असा होतो. दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं किंवा उलट उत्तर दिलं असतं. एड मान वळवून खरोखर मागे बघायला लागतो, आणि ते काही केल्या जमेना म्हणून स्वतःभोवती फिरतो. इथे एड झालेल्या केल मिचेल या नटाच्या चेहऱ्याकडे नीट बघा. त्यावर ‘बघा मी कसा गमतीदार’ असा भाव औषधालाही नाही. एक अवघड काम सांगितलं आहे आणि ते मी मनापासून करतो आहे, एवढंच दिसतं. कर्टची धमकी तिथल्या तिथे विरघळून जाते. दम देणाऱ्याला समोरून भीती मिळाली नाही तर तो किती केविलवाणा दिसतो, हे मुलांना एका क्षणात कळतं. शाळेत त्यांनाही कुणी ना कुणी दम देत असतंच.

हे करायला किती अवघड असतं ते तालमीत कळतं. एका शिबिरात आम्ही वडापावच्या गाडीवरचं छोटं प्रहसन बसवत होतो. गिऱ्हाईक म्हणतं, “दोन वडापाव, चटणी वेगळी द्या.” गाडीवरचा पोऱ्या वडापाव त्याच्या हातात ठेवतो आणि चटणीची पुडी घेऊन पार पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसाला नेऊन देतो. गिऱ्हाईक विचारतं, “चटणी?” पोऱ्या म्हणतो, “वेगळी दिली.” कागदावर वाचताना सगळे हसले. पण पहिल्या तालमीत पोऱ्या झालेला दहा वर्षांचा मुलगा पुडी नेताना प्रेक्षकांकडे बघून मिश्कील हसला, आणि वाक्य सपशेल पडलं. मी त्याला एवढंच सांगितलं, “तुला हे गिऱ्हाईक खूप आवडतं. त्याची चटणी नीट पोचवायची आहे, सांडायची नाही.” दुसऱ्या खेपेला तो दोन्ही हातांनी पुडी सांभाळत, जीभ दातांत धरून, पावलं मोजत गेला. पलीकडच्या माणसाला पुडी देऊन झाल्यावर त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि परत येऊन अभिमानाने म्हणाला, “वेगळी दिली.” हॉलमध्ये बसलेल्या आया डोळे पुसत हसत होत्या.

केल मिचेल दीड तासाहून जास्त वेळ हेच करतो आणि एकदाही ढळत नाही. सिनेमा आला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. सुरुवातीलाच एड दुकानाचा गणवेश अंगावर ठेवून अंघोळ करतो, आणि त्यात आपलं काही चुकतं आहे असं त्याला वाटतच नाही. कामावर जायचं आहे, मग कपडे घातलेले बरे! त्याच्या डोक्यात एक तर्क आहे. तो आपल्यापेक्षा वेगळा आहे, पण पक्का आहे. तुम्ही सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा ‘हा असं का करतो?’ असं न विचारता ‘याच्या दृष्टीने हे बरोबर कसं?’ असं विचारून बघा. कोरडं बसलेल्या माणसाला हसवायला माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही.

एडला ही धार एका दिवसात आलेली नाही. निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर ‘ऑल दॅट’ नावाचा छोट्या प्रहसनांचा कार्यक्रम 1990च्या दशकाच्या मध्यावर चालायचा. त्यात ‘गुड बर्गर’चं काउंटर हे एक ठरलेलं प्रहसन होतं. गिऱ्हाईक येणार, एड ठरलेल्या सुरात स्वागत करणार, आणि साधी ऑर्डर भलतीकडे जाणार. मुलांसमोर ते पुन:पुन्हा सादर होऊन घासलं गेलं, आणि मग 25 जुलै 1997 रोजी सिनेमा आला. दिग्दर्शक ब्रायन रॉबिन्स. आपल्याकडे वगातला सोंगाड्या असाच गावोगावच्या खेळांतून तयार होतो. कुठल्या शब्दावर लोक हसतात, कुठे अर्धा क्षण थांबायचं, हे त्याला पाठ झालेलं असतं. एडच्या स्वागताचा तो लांबवलेला सूर ऐका. वाक्य तेच, पण समोर कोण आहे त्यावरून अर्थ बदलतो. एकच वाक्य घोळवून हशा वसूल करणं ही लोकनाट्याची जुनी रीत, आणि ती कॅलिफोर्नियातल्या कॅमेऱ्यासमोरही चालते हे बघून मला दर वेळी आनंद होतो.

आता केनन थॉम्पसन, म्हणजे डेक्स्टर. मुलं एडकडे बघतात. तुम्ही डेक्स्टरकडे बघा. जोडीच्या विनोदात एक जण चक्रम असतो आणि दुसरा शहाणा, आणि शहाण्याचं काम जास्त कठीण. वेडेपणा ऐकून घ्यायचा, समजून घ्यायला धडपडायचं, हरायचं, आणि पुन्हा आशेने पुढचं वाक्य बोलायचं. केनन पापण्या मिटतो, मान किंचित मागे घेतो, तोंड उघडून पुन्हा बंद करतो, आणि त्या बंद तोंडावर हशा येतो. हे दोघं त्याच सुमाराला त्याच वाहिनीवर एक मालिकाही करत होते, त्यामुळे एकमेकांचा श्वास त्यांना माहीत होता. हाच केनन 2003 मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमात गेला आणि त्या कार्यक्रमाच्या इतिहासात सर्वांत जास्त काळ टिकलेला कलाकार ठरला. इथे अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याचं ते ऐकून घेणं बघितलंत तर पुढचं आश्चर्य वाटणार नाही.

डेक्स्टर मोठ्यांना जवळचा वाटावा याला आणखी एक कारण आहे, आणि ते पैशांत आहे. त्याच्यावर जवळपास दोन हजार डॉलरचा भार येतो. त्या उन्हाळ्यात अमेरिकेचं संघीय किमान वेतन ताशी 4.75 डॉलर होतं, सप्टेंबर 1997 पासून ते 5.15 झालं. म्हणजे काउंटरमागे सुमारे चारशे तास उभं राहायचं. आठवड्याला चाळीस तास धरले तर दहा आठवडे. अख्खी सुट्टी गेली. हा हिशोब केल्यावर डेक्स्टर एडचा सॉस बघून का मोहात पडतो ते कळतं. तो एडकडून एका करारावर सही घेतो: नफ्यातला ऐंशी टक्के डेक्स्टरचा, उरलेला वीस टक्के ज्याने सॉस बनवला त्याचा. एड न वाचता आनंदाने सही करतो, कारण मित्राने सांगितलं आहे.

या प्रसंगाला तुमची मुलं हसली का? बहुतेक नसतील. माझ्या शिबिरातली मुलं इथे गप्प होतात. एखादा जण पुटपुटतो, “हे चूक आहे.” एवढ्या उड्या आणि धडपडीच्या मध्ये हा एक शांत प्रसंग आहे, आणि पुढची सगळी माया त्यातून येते. एड कधी फसवत नाही, खोटं बोलत नाही, आपण वापरले जातो आहोत हेही त्याला कळत नाही. मग आपल्याला त्याची काळजी वाटायला लागते. ज्याची काळजी वाटते त्याच्यावर हसणं वेगळं, आणि ज्याची कीव येते त्याच्यावर हसणं वेगळं. मुलं पहिलं हसतात. शेवटी डेक्स्टर तो करार फाडतो तेव्हा मोठी मुलगी तुमच्याकडे बघते का, ते नक्की बघा.

कुठल्या वयाचं मूल कशावर हसतं, याचा अंदाज मला तालमींतून आला आहे. पाच-सहा वर्षांचं मूल पडण्या-आपटण्यावर हसतं. आठ-नऊच्या आसपास एका शब्दाचे दोन अर्थ असतात हा शोध नुकताच लागलेला असतो, त्यामुळे एडने चुकीचा अर्थ पकडला की त्यांना ‘मला कळलं, याला नाही कळलं’ याचा विलक्षण आनंद होतो. तुमच्या मुलाचं लोळणं त्यातलं असणार. तो बुद्धीचा आनंद आहे हो! अकरा-बाराची मुलं एडपेक्षा त्याच्यासमोरच्या मोठ्या माणसांवर हसतात: चिडलेलं गिऱ्हाईक, हताश झालेला मालक, गाडीच्या काळजीने पिसाळलेले शिक्षक. एकाच सोफ्यावर बसून तुमची दोन मुलं वेगवेगळ्या गोष्टींवर हसत होती. पुढच्या वेळी कोण कशावर हसतं इकडे कान ठेवा.

मोठ्यांसाठीही यात पुष्कळ ठेवलेलं आहे. ओटिस नावाचा थकलेला म्हातारा कर्मचारी दिसतो ना, तो एब विगोडा. 1972च्या ‘द गॉडफादर’ या माफियांवरच्या सिनेमातला टेसिओ. तेच खोल गेलेले दुःखी डोळे आणि तीच जड चाल घेऊन तो बर्गरच्या दुकानात उभा आहे. सिनेमा आला तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. त्याला काही विनोद करावा लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. शिक्षक मिस्टर व्हीट झालेला सिनबाद त्या काळचा मोठा विनोदी कलाकार. 1997 सालात तो सत्तरच्या दशकातल्या केसांनिशी आणि कपड्यांनिशी वावरतो. बास्केटबॉलचा शकील ओ’नील चक्क स्वतः म्हणून येऊन जातो. पुढे नाव कमावलेली लिंडा कार्डेलिनीही एका छोट्या भूमिकेत आहे.

मोंडो बर्गरकडेही लक्ष द्या. ते दुकान एखाद्या छावणीसारखं चालतं. चकाकणारं पोलाद, एकसारखे गणवेश, हुकूम आणि सलाम. तिथले बर्गर राक्षसी आकाराचे, आणि ते तसे का, तर मांसात एक बेकायदा रसायन घातलेलं. हे कुठून सुचलं असेल ते त्या काळची अमेरिका आठवली की कळतं. तेव्हा सगळं मोठं होत चाललं होतं: ग्लास मोठे, फ्राइजच्या पिशव्या मोठ्या, ‘सुपर साइज’ हा शब्द तोंडातोंडी. मॅकडोनाल्ड्सने तो पर्याय मागे घेत असल्याचं 2004 मध्ये जाहीर केलं. त्याच्या सात वर्षं आधी मुलांच्या एका सिनेमात फुगवलेले बर्गर फटाक्यांसारखे फुटतात आणि मोठं दुकान स्वतःच्याच मोठेपणाने कोसळतं. मला हा शेवट फार आवडतो. तो विनोद मांडणीतूनच आलेला आहे. जे फुगवलं ते फुटलं, आणि फोडलं ते एडने.

जे मला पटत नाही तेही सांगते. मनोरुग्णालयाचा भाग कमजोर आहे. मोंडो बर्गरचं बिंग फुटू नये म्हणून कर्ट एड, डेक्स्टर आणि ओटिस यांना तिथे डांबतो, आणि तिथल्या रुग्णांकडे गंमत म्हणून बघितलं आहे. एड त्यांना नाचायला लावतो तो तुकडा मजेचा आहे, कारण एड त्यांच्याशी गिऱ्हाइकाशी किंवा मालकाशी बोलतो तसाच बोलतो. पण आजूबाजूची चित्रणं आज डोळ्यांना खुपतात. मी तिथे सिनेमा थांबवत नाही. संपल्यावर मुलांशी बोलते, आजारी माणसावर आपण हसतो का, आणि एड कसा वागला. कर्टने एडला भुलवायला पाठवलेल्या रोक्झानचे प्रसंगही लांबले आहेत. तिला एडमुळे इजा होत राहते ती एकदा-दोनदा हसवते, नंतर तेच तेच. तेवढ्यात उठून पॉपकॉर्न आणले तरी चालेल.

समीक्षकांनी तेव्हा या सिनेमाला फारसं उचलून धरलं नाही. सुमारे 85 लाख डॉलर खर्च, आणि अमेरिकेत 2 कोटी 30 लाखांच्या वर कमाई. पडलेला नाही, पण फार मोठं यशही नाही. त्याचं खरं आयुष्य नंतरचं आहे, घरात व्हिडिओ कॅसेटवर पुन:पुन्हा बघितलं गेलेलं. तो तसा बघणारी मुलं मोठी झाली, आणि 2019 मध्ये वेस्ट हॉलिवूडमध्ये काही काळापुरतं खरंखुरं ‘गुड बर्गर’ उघडलं तेव्हा तिथे जाऊन जेवली. नोव्हेंबर 2023 मध्ये दुसरा भाग आला तेव्हा केनन आणि केल पंचेचाळिशीचे होते. तोही बघा, पण पहिला दोनदा बघून झाल्यावर.

आता करायचं काय ते. एकट्याने फोनवर बघू नका. असला विनोद घोळक्यासाठी लिहिलेला असतो. नाटकात आम्ही हशा संपेपर्यंत पुढचं वाक्य अडवतो. सिनेमात ती सोय नसते, म्हणून तो भरल्या घरात बघायचा. शेजारची दोन मुलं बोलवा, आजी-आजोबांना बसवा. मूळ इंग्रजीतच बघा आणि खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवा, कारण अर्धी गंमत शब्दांच्या कोट्यांत आहे. धाकट्याला एखादी कोटी कळली नाही तर थोरलीला समजावू द्या, तुम्ही समजावू नका. ती समजावताना पुन्हा हसेल, आणि तो तिच्या हसण्यावर हसेल.

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काउंटर मांडा. एका मुलाने एड व्हायचं, बाकीच्यांनी ऑर्डर द्यायची, आणि एडने प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरायचा. मराठीत याला तोटा नाही. “जरा हात चालव,” “डोळ्यांत तेल घालून बघ,” “पोळीला तूप लावून दे,” “भात वरून वाढ.” आमच्या शिबिरात एका मुलीने “वरून वाढ” म्हटल्यावर खुर्ची आणली, तिच्यावर चढली आणि तिथून अत्यंत काळजीपूर्वक भाताचा डाव खाली आणला. एड झालेल्याने हसायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. एकदा तुमच्यावरही पाळी घ्या.